कॉलेज चालवतं कोण आणि ते कळतं कुणाला?

समजा, कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात जर्मनचा विभाग बंद करायचं घाटतं आहे. वर्गात मुलं कमी, पैशाची ओढाताण. हा निर्णय कुणी घ्यायचा? कॉलेजच्या अध्यक्षांनी? लोकांनी निवडून दिलेल्या विश्वस्त मंडळानं? जर्मन शिकवणाऱ्या बाईंचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं कुठे नोंदवलं जाणार? ज्या मुलांचं अजून एक सत्र बाकी आहे, त्यांनी कुणाकडे जायचं?

या प्रश्नांची उत्तरं तिथं कायद्यानं आणि नियमांनी दिलेली आहेत, आणि ती 'सगळ्यांनी मिळून ठरवू' अशी गुळमुळीत नाहीत. शिफारस कुणी करायची, कुणाच्या शब्दाला किती वजन, नकार द्यायचा तर कसा द्यायचा, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. या पद्धतीला शेअर्ड गव्हर्नन्स म्हणतात. आपण सहभागी कारभार म्हणू. मला स्वतःला ही पद्धत फार महत्त्वाची वाटते. तिचा जीव मतदानापेक्षा निरोपात आहे, असं माझं मत आहे. कुणाला काय कळलं, कधी कळलं आणि कारणासकट कळलं का, यावर ती तरते किंवा बुडते.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते पाहू. हे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. प्रवेश जवळपास सगळ्यांना खुला. इथं दोन वर्षं काढून मुलं बर्कलीसारख्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जातात. कुणी नर्सिंग किंवा वेल्डिंग शिकून कामाला लागतं, तर चाळिशी उलटलेली माणसं इंग्रजी सुधारायला येतात. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत, ती ७३ डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एकेका विश्वस्त मंडळाच्या हाताखालच्या विभागांत, वाटलेली आहेत आणि विद्यार्थी वीस लाखांच्या आसपास. राज्यातल्या रहिवाशाला फी एका युनिटला, म्हणजे कोर्सचा भार मोजायच्या एककाला, ४६ डॉलर. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या मराठी घरांना ही कॉलेजं चांगली परिचयाची आहेत. क्युपर्टिनोच्या डी ॲन्झात किंवा फ्रीमॉन्टच्या ओलोनीत हायस्कूलची मुलं उन्हाळ्यात एखादा गणिताचा कोर्स करतात, आणि नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या कितीतरी मराठी बायकांनी तिकडे अकाउंटिंग किंवा प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे अशाच कॉलेजात गिरवले आहेत.

ही कॉलेजं हायस्कूलच्या पोटातून जन्मली. १९०७च्या एका कायद्यानं हायस्कूलांना बारावीच्या पुढचे वर्ग चालवायला परवानगी दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोला पहिलं कॉलेज निघालं. जन्म शाळेतला म्हणून कारभारही शाळेचाच राहिला: वरून आदेश यायचा आणि शिक्षकानं शिकवायचं. १९७८ मध्ये मतदारांनी प्रॉपोझिशन १३ हा प्रस्ताव मंजूर केला, मालमत्ता करावर मर्यादा पडली आणि कॉलेजांच्या पैशाच्या नाड्या स्थानिक मंडळांकडून राजधानी सॅक्रामेंटोकडे गेल्या. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, जॉन व्हॅस्कोन्सेलोस या विधानसभा सदस्यानं पुढे रेटलेला एबी (असेम्ब्ली बिल, म्हणजे विधानसभेचं विधेयक) १७२५ हा कायदा झाला. या कॉलेजांना शाळेच्या साच्यातून काढून उच्च शिक्षणाच्या पंगतीत बसवायचं, हा त्याचा गाभा. उच्च शिक्षण म्हटलं की काय शिकवायचं आणि ते कसं जोखायचं याचा पहिला अधिकार शिकवणाऱ्यांचा, हे त्याच्या पाठोपाठ आलंच. कायद्यातल्या तत्त्वांचे तपशीलवार नियम १९९० मध्ये झाले आणि आज त्यांच्यावरच सगळा कारभार चालतो.

त्या नियमांनी प्रत्येक कॉलेजात ॲकॅडेमिक सिनेटला जागा दिली. इथं मराठी वाचकाची एक गफलत होऊ शकते. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची सिनेट, म्हणजे अधिसभा, आपल्या डोळ्यांपुढे येते: पदवीधरांच्या निवडणुका, संघटनांची पॅनल, पोस्टरं. कॅलिफोर्नियातली ही सिनेट तशी नाही. ती फक्त शिक्षकांची असते आणि तिचं काम ठरलेलं असतं.

त्या कामाला तिथले लोक 'टेन प्लस वन' म्हणतात, कारण नियमांत दहा विषय दिलेत आणि अकरावा 'दोन्ही बाजूंनी मान्य केलेला आणखी कोणताही'. अभ्यासक्रम, पदवी आणि सर्टिफिकेटच्या अटी, गुणांकनाचं धोरण, नवे अभ्यासक्रम उभे करणं, विद्यार्थ्यांच्या तयारीची आणि यशाची मानकं, विभागांचं परीक्षण, मानांकनाच्या कामातला शिक्षकांचा वाटा, ही त्यातली ठळक नावं. आणखी एक आहे ते नीट वाचावं लागतं: नियोजन आणि अंदाजपत्रक तयार करण्याची *प्रक्रिया*. किती पैसे कुठे जाणार हे सिनेट ठरवत नाही. ते ठरवायची पद्धत कशी असावी यावर तिचा हक्क आहे. कॉलेजातली निम्मी भांडणं हा फरक नजरेआड झाल्यामुळे होत असावीत, असं मला वाटतं. शिक्षक येतात तो आकडा बदलून घ्यायला, आणि प्रशासन त्यांना प्रक्रियेपाशीही उभं करत नाही. दोघंही चुकतात.

आता वजनाचा प्रश्न. या विषयांवर विश्वस्त मंडळाला सिनेटशी सल्लामसलत करावीच लागते आणि ती दोनपैकी एका तऱ्हेनं होते. कोणत्या विषयाला कोणती तऱ्हा, हे प्रत्येक मंडळ आपल्या लेखी धोरणात नोंदवून ठेवतं.

पहिल्या तऱ्हेत मंडळ मुख्यतः सिनेटच्या मतावर विसंबतं. म्हणजे सिनेटची शिफारस एरवी मान्य व्हायची. अपवादात्मक परिस्थितीत आणि तसंच सबळ कारण असेल तरच ती नाकारता येते, आणि सिनेटनं मागितलं तर ते कारण लेखी द्यावं लागतं. दुसऱ्या तऱ्हेत दोघांची सहमती लागते. ती झाली नाही तर जुनं धोरण तसंच चालू राहतं. ते चालू ठेवल्यानं कायद्याचा बडगा येणार असेल किंवा मोठी आर्थिक ओढ लागणार असेल तर गोष्ट वेगळी. आणि त्या वेळीही आधी प्रामाणिकपणे सहमतीचा प्रयत्न केलेला असला पाहिजे.

अख्ख्या व्यवस्थेतलं हे लेखी कारणाचं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. अंतिम अधिकार मंडळाकडेच राहतो, ते नाही म्हणू शकतं. पण 'नाही'खाली कारण लिहायची वेळ आली की माणूस दोनदा विचार करतो. लिहिलेलं कारण तपासता येतं, त्याला उत्तर देता येतं, दोन वर्षांनी परिस्थिती पालटली की तोच कागद काढून 'आता ते कारण उरलं का?' असं विचारता येतं. तोंडी नकारातून यातलं काहीच निघत नाही. त्याची फक्त कुजबुज होते, आणि कॉलेजात कुजबुज परिपत्रकाच्या आधी पोचते.

सिनेट आणि युनियन एक नव्हे, हेही इथंच सांगून टाकते. पगार, तास, रजा, कामाच्या अटी हे युनियनचं क्षेत्र. सामूहिक वाटाघाटींचा तो हक्क १९७५च्या रॉडा कायद्यानं दिला. वर्गात काय शिकवायचं हे सिनेटचं, वर्गात किती मुलं बसवायची हे युनियनच्या टेबलावरचं. दोन्हींकडे माणसं बरेचदा तीच असतात, म्हणून घोळ होतो.

शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी यांना नियमांत 'परिणामकारक सहभागा'चा हक्क आहे. ज्या निर्णयाचा त्यांच्यावर लक्षणीय परिणाम होणार, तो घडत असताना त्यांना सामील करून घ्यायचं आणि त्यांचं म्हणणं वाजवी गांभीर्यानं विचारात घ्यायचं. विद्यार्थ्यांसाठी असे विषयही नेमून दिलेत: गुणांकन, शिस्तीचे नियम, फी, कोणता अभ्यासक्रम सुरू करायचा, कोणता बंद करायचा वगैरे. शिवाय प्रत्येक विश्वस्त मंडळावर एक विद्यार्थी विश्वस्त असतो. तो इतरांबरोबर बसतो, प्रश्न विचारतो, बऱ्याच ठिकाणी त्याला सल्लादायी मत देता येतं. ते नोंदवलं जातं, पण निकालात धरलं जात नाही. हे मला अपुरं वाटतं. तरी त्या खुर्चीचा एक उपयोग नक्की आहे. मंडळाच्या हातात पडणारी कागदपत्रं, बंद दाराआडची सोडली तर, एका विद्यार्थ्याच्याही हातात पडतात.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात कसं चालतं ते एका नव्या कोर्सच्या मागे मागे जाऊन पाहू.

एका बाईंना डेटा सायन्सचा प्राथमिक कोर्स सुरू करायचा आहे. त्या आधी कोर्सचा अधिकृत आराखडा लिहितात: युनिट किती, तास किती, आधी कोणता कोर्स झालेला हवा, विद्यार्थ्याला शेवटी काय यायला हवं, मूल्यमापन कसं, नमुन्यादाखल पुस्तकं कोणती. तो आधी विभागात फिरतो. गणितवाले म्हणतात हा आमचा, संगणकवाले म्हणतात आमचा. ते मिटलं की आर्टिक्युलेशन ऑफिसर तो पाहतो. हा कोर्स पुढे विद्यापीठात कुठल्या कोर्सच्या बरोबरीचा धरला जाईल हे पाहणारा हा माणूस. बाहेरच्या कुणाला त्याचं नावही ठाऊक नसतं, पण मुलांची दोन वर्षं वाया जाणार की नाही हे त्याच्या टेबलावर ठरतं. मग आराखडा अभ्यासक्रम समितीपुढे येतो. ही सिनेटची समिती, बहुतेक सगळे शिक्षक. पहिल्या वाचनात प्रश्न निघतात: ग्रंथालयात साधनं आहेत का, ऑनलाइन शिकवणार असाल तर शिक्षक विद्यार्थ्यांशी नियमित बोलणार कसा, 'समजून घेईल' असं लिहिलंत तर ते मोजणार कसं? दुरुस्त्या होऊन दुसरं वाचन, मग मतदान. तिथून विश्वस्त मंडळ, तिथून राज्याच्या चॅन्सेलर कार्यालयात नोंद, आणि मग वर्षाच्या माहितीपुस्तकात जागा. पुस्तकाची मुदत हुकली की कोर्स सरळ पुढच्या वर्षावर जातो.

यात वेळ जातो, फार जातो, आणि लोक त्यावर चिडतात. पण प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी असा प्रश्न विचारतं जो विचारला नसता तर त्याची किंमत एखाद्या मुलीनं मोजली असती. विद्यापीठानं तिचे युनिट धरले नसते आणि तिला ते कधी सांगितलंही गेलं नसतं. हा वेळ मला सार्थकी लागलेला वाटतो. कोर्स समितीच्या यादीत नुसता पडून राहतो आणि मांडणाऱ्या बाईंना तो कुठे अडकला हे महिनोन्महिने समजत नाही, तो वेळ मात्र वाया गेलेला. बाहेरून दोन्ही 'दिरंगाई' म्हणून सारखेच दिसतात.

आता निरोपांकडे वळू, कारण खरी गळती तिथेच आहे.

कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राऊन कायदा आहे. राल्फ ब्राऊन या विधानसभा सदस्याच्या नावानं. स्थानिक सार्वजनिक मंडळांच्या सभा उघड्यावर व्हाव्यात म्हणून तो केला. विश्वस्त मंडळाला तो लागू आहे आणि मंडळाच्या मान्यतेनं बनलेल्या ॲकॅडेमिक सिनेटलाही. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर लावायची. तिच्यावर नसलेल्या विषयावर निर्णय घ्यायचा नाही. कुणालाही येऊन बोलू द्यायचं. गुप्त मतदान नाही.

यातला एक बारकावा भल्याभल्यांना गोत्यात आणतो. सभेबाहेर बहुसंख्य सदस्यांनी आपसात एखाद्या विषयाची चर्चा केली, मग ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी तुकड्या-तुकड्यांत का होईना, तर तीही सभाच धरली जाते, आणि सूचना न देता घेतलेली म्हणून बेकायदा. ईमेलवर हे सहज होऊन जातं. अध्यक्षा पंधरा सदस्यांना ठरावाचा मसुदा पाठवतात. इथवर ठीक, ती एकतर्फी माहिती झाली. एक जण 'सगळ्यांना उत्तर'चं बटण दाबून लिहितो, 'दुसरा परिच्छेद मला पटत नाही.' दुसरी लिहिते, 'मलाही.' आणखी सहा जण लिहितात. दुपारपर्यंत ठरावाचं काय होणार ते पक्कं झालं, आणि ज्या विद्यार्थ्याला सभेत येऊन बोलायचं होतं त्याच्यासाठी फक्त हात वर करायचा सोपस्कार उरला. म्हणून अनुभवी अध्यक्ष अशा पत्राच्या तळाशी लिहितात: कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका, मुद्दे सभेत मांडा. बाहेरून ते कोरडं वाटतं, पण ते त्या विद्यार्थ्याची जागा राखणं आहे.

दुसरी गळती प्रतिनिधींची. समितीवर आपल्या विभागातर्फे एक जण बसतो आणि सगळे गृहीत धरतात की आता आपल्याला कळेल. तो सभेला जातो, बोलतो, मत देतो, आणि विभागात येऊन काही सांगत नाही. त्यानं मत तरी कुणाचं दिलं? विचारलंच नव्हतं तर स्वतःचं. मग सहा महिन्यांनी निर्णय अंगावर आला की विभाग म्हणतो, आम्हाला विचारलं नाही; प्रशासन इतिवृत्त पुढे करतं, तुमचा माणूस हजर होता. दोघंही खरं बोलत असतात. प्रतिनिधित्व म्हणजे जाताना विचारून जाणं आणि आल्यावर सांगणं. नुसती हजेरी पुरत नाही.

तिसरी गळती सर्वांत मोठी, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. या कॉलेजांतले निम्म्याहून जास्त शिक्षक अर्धवेळ आहेत. शिकवण्याचे ७५ टक्के तास पूर्णवेळ शिक्षकांकडे असावेत असं उद्दिष्ट १९८८च्या कायद्यानंच ठेवलं होतं, ते बहुतेक ठिकाणी दूरच राहिलं. एका डिस्ट्रिक्टमध्ये अर्धवेळ शिक्षकाला पूर्ण भाराच्या ६७ टक्क्यांहून जास्त काम देता येत नाही. मग घर चालवायला तो दोन-तीन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवतो. सकाळचा वर्ग एका गावी, दुपारचा चाळीस मैलांवर, संध्याकाळचा तिसरीकडे. मधला वेळ फ्रीवेवर. तिथं त्यांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. दुपारी दोन वाजता सिनेटची सभा असते तेव्हा हा माणूस गाडीत असतो, आणि आला तरी बऱ्याच कॉलेजांत त्या तासाचे पैसे मिळत नाहीत. तीन कॉलेजांचे तीन ईमेल पत्ते, तिन्हींवर रोज परिपत्रकांचा ढीग. त्यातलं कुठलं पत्र त्याच्या पुढच्या सत्राच्या कामावर घाला घालणारं आहे, ते त्यानं कसं ओळखावं? ज्यांच्या वर्गात इतकी मुलं बसतात, तेच कारभाराच्या खोलीत नसतात. काही कॉलेजांनी अर्धवेळ शिक्षकांसाठी सिनेटमध्ये जागा राखल्या, काहींनी सभेच्या तासांचं मानधन सुरू केलं. मला हा उपाय नव्या न्यूजलेटरपेक्षा शंभर पटीनं खरा वाटतो.

हे सगळं बिघडलं तर कुठवर जातं, त्याचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं सिटी कॉलेज. १९३५ सालचं, शहराचं लाडकं, ८० हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचं. जुलै २०१२ मध्ये कॉलेजांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या मानांकन आयोगानं त्याला नोटीस दिली: मान्यता का काढू नये, कारण दाखवा. आक्षेपांत पैशाचं नियोजन होतं, तसाच कारभारही: समित्यांचं जंगल, कुणी सल्ला द्यायचा आणि कुणी निर्णय घ्यायचा याचा पत्ता नाही. २०१३ मध्ये आयोगानं पुढच्या वर्षी मान्यता संपेल असं जाहीर केलं. राज्यानं एक विशेष विश्वस्त नेमून मंडळाचे अधिकार त्याच्या हाती दिले. शहरानं निवडून दिलेली माणसं बाजूला पडली आणि मुलं घाबरून कॉलेज सोडू लागली. शहराच्या सरकारी वकिलांनी आयोगावर दावा लावला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयानं मान्यता काढायला स्थगिती दिली आणि पुढच्या वर्षी आयोगाच्या कार्यपद्धतीतही कायदेभंग झाल्याचं म्हटलं. जानेवारी २०१७ मध्ये मान्यता सात वर्षांसाठी पुन्हा मिळाली, पण गेलेले विद्यार्थी परतले नाहीत.

या प्रकरणातून काही जण 'शिक्षकांना जास्त अधिकार दिले की असंच होतं' असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. समित्या पुष्कळ असणं म्हणजे सहभाग पुष्कळ असणं नव्हे. सल्ला कुठून निघून कुठे पोचतो हे कुणालाच सांगता येत नसेल तर शिक्षकांच्या हाती अधिकार नव्हतेच, नुसत्या सभा होत्या. संकट आल्यावर जो उपाय योजला गेला त्यात निवडलेल्या मंडळाचा आवाजही गेला, हे विसरून चालणार नाही.

स्थानिक कारभाराला वरूनही कुंपण आहे. पूर्वी नवे विद्यार्थी चाचणी देत आणि कच्चे ठरले की कित्येक सत्रं पायाभूत गणितात अडकत; त्यातली फार थोडी पुढे सरकत. विधिमंडळानं एबी ७०५ करून हायस्कूलच्या गुणांच्या आधारे मुलांना शक्यतो थेट विद्यापीठाच्या पातळीच्या वर्गात बसवायला सांगितलं. २०१९च्या फॉल, म्हणजे शरद सत्रापासून ते सगळीकडे लागू झालं. विषय सरळसरळ टेन प्लस वनमधला, आणि बऱ्याच शिक्षकांना आपल्या घरात कुणी घुसल्यासारखं वाटलं. मला मुलांच्या बाजूनं तो कायदा योग्य वाटतो. कॉलेजांनी हा प्रश्न आपल्या सिनेटमध्ये वेळेवर सोडवला असता तर सॅक्रामेंटोला हात घालावा लागला नसता, असंही वाटतं.

तुमचं कुणी अशा कॉलेजात शिकत असेल आणि एखादा निर्णय खटकत असेल, तर विषयपत्रिका उघडून आधी त्या विषयापुढे काय लिहिलंय ते पाहा: माहिती, पहिलं वाचन, की निर्णय. 'निर्णय' लिहिलं असेल त्या दिवशी बोलून फारसं काही हलत नाही. पहिल्या वाचनाला जावं. बोलायला साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणून मागणी पहिल्या वाक्यात ठेवावी. विषय पत्रिकेवर नसेल तर समोरचे सदस्य गप्प बसतील. त्यावर चर्चा करायला त्यांना कायद्यानंच मनाई आहे, त्यामुळे त्या शांततेनं खट्टू होऊ नये. पण पुढच्या सभेच्या पत्रिकेवर विषय घ्या, असं ते कार्यालयाला सांगू शकतात. नेमकं तेच मागावं, आणि ते इतिवृत्तात आलं का हे महिनाभरानं तपासावं.